पाण्यातून आलेला चेहरा

परवा एका लग्नाला गेले होते. जेवणाच्या रांगेशेजारी एक खोका उभा केला होता, माणूसभर उंचीचा, पुढं लाल पडदा. आत एक स्टूल. पडदा ओढून बसायचं, आतलं यंत्र चार वेळा चमकतं आणि बाहेरच्या फटीतून चार फोटोंची एक पट्टी पडते. नातीनं मला हाताला धरून आत नेलं. "आजी, इथं कोणी बघत नाही. हवं तसं तोंड कर." तिनं जीभ काढली, डोळे तिरळे केले, माझ्या गालाला गाल लावला. मी चारही फोटोंत एकसारखी, ठाण्यात आणून बसवल्यासारखी. पट्टी हातात आल्यावर ती म्हणाली, हे जुन्या पद्धतीचं असतं ना, म्हणून भारी वाटतं. मला हसू आलं. तिनं ती पट्टी सरबताच्या ओल्या ग्लासाला टेकवून ठेवली, तशी मी ती हिसकावून घेतली. पोरगी दचकली.

"पाणी लागेल त्याला," मी म्हणाले.

"लागू दे की. फोनमध्ये पण आलेत."

फोनमध्ये पण आलेत. आता हिच्याशी काय बोलायचं? मी पट्टी पदराला पुसून पर्समध्ये ठेवली आणि जिलेबी खायला बसले. ती काही गोड लागली नाही.

असल्या खोक्याशी माझी ओळख जुनी आहे. पन्नासच्या दशकात आमच्याकडंही खोका होता, फक्त त्याच्या आत माणूस बसत नसे. माणूस बाहेर स्टुलावर आणि फोटोवाल्याचे हात खोक्याच्या आत. लोक त्याला मिनटाचा फोटो म्हणत. मिनिट नावालाच, बसायला लागे चांगला अर्धा तास. तरी पुण्याच्या स्टुडिओत जाऊन आठ दिवसांनी फोटो आणायचा, त्यापेक्षा हे म्हणजे जादूच. समोर बसलात, समोर घेतलात, ओला फोटो हातात धरून घरी गेलात.

मला रहाटणी गावात दिली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. नवऱ्याचं घर शेतकऱ्याचं, माणसं तीन. सासरे, सासूबाई आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्या. नवऱ्याला अर्थातच काही म्हणायचं नव्हतं. त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, मोठ्यांच्या देखत बोलायचं नाही, मान वर करायची नाही, पदर कपाळावरून हलू द्यायचा नाही. मी आज्ञाधारक पोरगी होते. लग्नाला वर्ष होत आलं तरी मला माझ्या नवऱ्याचे पाय चांगले ओळखता यायचे. टाचेच्या भेगा, करंगळीचं वाकडं नख, धोतराचा काठ. रात्री चिमणीच्या उजेडात चेहऱ्याची एक बाजू दिसायची आणि तीही हलत असायची, कारण चिमणी फडफडायची. लोकांना हे खोटं वाटतं. माझ्या लेकीलाही वाटायचं. पण आमच्या वेळच्या कितीतरी बायका अशाच नांदल्या. नवरा म्हणजे एक आवाज आणि दोन पाय.

त्या वेळी पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. गावातली चार तरणी पोरं भरतीला गेली, त्यात हेही होते. घेतलं. शिफ्टची नोकरी, सायकलवरून जाणं-येणं. मामांना बरं वाटलं नाही. शेत असताना दुसऱ्याच्या भोंग्यावर का उठायचं, असं ते म्हणायचे. पण पोराचा उत्साह बघून गप्प बसले. कंपनीनं सांगितलं, गेटपासला फोटो लागेल. आणि आमच्या घरात वादळ झालं.

कारण आमच्या घरात, आमच्याच काय पण सगळ्या आळीत, फोटो होते ते फक्त मेलेल्यांचे. तेही एक-दोघांकडं, पुण्याला जाऊन आलेल्यांकडं. भिंतीवर फोटो म्हणजे हार, हार म्हणजे माणूस गेलेला. जिवंत माणसानं फोटो काढला की आयुष्य ओढलं जातं, असं आत्यांचं पक्कं मत होतं. ह्यांनी समजूत घातली की फोटो भिंतीवर लावायचा नाही, खिशात ठेवायचा आहे. मग आत्या म्हणाल्या, "मंग मी येनार संगं. त्यो कोन, कुठला, काय करतोय, मला बगू दे." आणि त्या निघाल्या म्हणून बाजाराची पाटी घेऊन मीही निघाले. कशी का होईना, मला गंमत बघायला मिळणार होती.

फोटोवाला चिंचवडच्या बाजारात बसायचा. फाळणीत तिकडून आलेला, पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात राहणारा. बाभळीला दोरी बांधून त्यावर एक पडदा सोडलेला, त्यावर कारंजं आणि राजवाडा रंगवलेला. तीन पायांवर लाकडी खोका, खोक्याच्या पाठीला काळ्या कापडाची बाही. शेजारी पाण्यानं भरलेली बादली. आणि खुंटीला एक काळा कोट. कारखान्यात लागलेला प्रत्येक जण त्याच कोटात फोटो काढायचा. पुढं कधीतरी हे हसून सांगत होते की गेटावर सगळे पास एका ओळीत धरले तर वाटतं, एकाच माणसाला देवानं नुसती मुंडकी बदलून दिली आहेत.

ह्यांनी तो कोट चढवला. बाह्या आखूड पडल्या. मग फोटोवाल्यानं टोपी काढायला सांगितली, तशा आत्या मध्ये पडल्या. "बोडकं कशापायी? कुणी मेलंय का आमचं?" त्यानं हात जोडले. "माई, कंपनीचा कायदा आहे. डोकं, कान, सगळं दिसायला पायजे." आत्या पुटपुटत बाजूला झाल्या. त्यानं भिंगावरचं टोपण काढलं, "हिलना नहीं, भाऊ," म्हणाला, मनात काहीतरी मोजलं आणि टोपण लावलं. नंतर बाहीतून हात खोक्यात घालून तो आंधळ्यासारखा चाचपडत राहिला. आम्हांला आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं एक ओला कागद बाहेर काढला आणि बादलीत सोडला.

आत्या वाकल्या आणि किंचाळल्या.

कागदावर ह्यांचा चेहरा होता, पण काळा ठिक्कर. केस म्हाताऱ्यासारखे पांढरे, डोळ्यांतली बुबुळं पांढरी, अंगातला कोट पांढरा. फोटोवाला घाईनं म्हणाला, "माई, हा उलटा आहे. आता ह्याचा सुलटा करतो." त्यानं तो कागद भिंगासमोरच्या फळीवर लावला आणि कागदाचाच फोटो काढला. एकदा, मग पुन्हा एकदा. पुन्हा बाहीत हात, पुन्हा बादली. आणि ह्या खेपेला बादलीतल्या पाण्यात, तळाशी हलत, माझा नवरा माझ्याकडं बघत होता. पांढऱ्याचा पांढरा, काळ्याचा काळा, जसा असेल तसा. आत्यांनी दोन्ही हात गालाला लावले. "अगं बया. पान्यातनं आला."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. तिथंच सगळं ठरलं.

सुलटे दोन झाले. एक पासाला, एक घराला. आत्यांनी तो उलटाही मागून घेतला. फोटोवाला म्हणाला, जपून ठेवा, ह्याच्यावरून पाहिजे तेवढे सुलटे निघतात. आत्यांनी मान हलवली आणि घरी आल्याबरोबर तो चुलीत घातला. पोराचा असला भुताचा चेहरा कुणाच्या हाती पडला तर करणी करायला दुसरं काय लागतं, असा त्यांचा हिशेब. कागद आधी सुरळी झाला, मग पेटला. आत्यांनी चुलीपुढं बोटं मोडली. हे ओसरीवर बसून हसत होते, आणि खरं सांगायचं तर मीही पदराआड हसले.

घराला आलेला सुलटा कुठं ठेवायचा? भिंतीला तर नाहीच. मग ह्यांनी तो रात्री माझ्या हातात दिला. "तुझ्या ट्रंकेत ठेव. आईला सांगू नको कुठं ठेवला ते." मी लुगड्याच्या घडीत ठेवला.

आणि मग मी तो बघायला लागले. आत्या नदीवर गेल्या, मामा शेतात गेले, हे शिफ्टला गेले की मी ट्रंक उघडायची, फोटो घेऊन दारातल्या उजेडात बसायची. काय सांगू? माझं लग्न त्या दिवसांत झालं. कोणी बघत नव्हतं, मान खाली घालायची नव्हती, चिमणी फडफडत नव्हती. डाव्या भुवईत एक बारीक खूण होती, तिथं केस नव्हते. कान बाहेर आलेले. ओठ मिटलेले, पण एका कोपऱ्यात हसू दाबलेलं, आत्या शेजारी करवादत होत्या म्हणून असणार. नवरा एवढा देखणा आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नंतर रात्री त्यांना विचारलं, भुवईला काय लागलं होतं. ते चकित झाले. "तुला कसं दिसलं?" मी सांगितलं नाही.

आमच्या नशिबात ते थोडेच दिवस होते. मला दिवस गेले होते. माघ महिना होता. हे सुट्टीच्या दिवशी शेतात कडबा तोडत होते, विळा निसटून पायाला लागला. गावात अशा जखमा रोज व्हायच्या. हळद दाबली, चिंधी बांधली, दुसऱ्या दिवशी सायकलवर टांग मारून कामाला गेले. आठवडा झाला आणि जबडा आवळायला लागला. धनुर्वात. बैलगाडीतून पुण्याच्या दवाखान्यात नेलं. मला नेलं नाही, पोटुशी बाई तिथं कशाला, म्हणून. मी दारात उभी राहून गाडी बघितली. पडून होते, अंगावर घोंगडं, चेहरा पलीकडच्या बाजूला वळलेला. तो मला दिसलाच नाही. माणूस परत आला तो झाकलेला, आणि बायकांनी मला आत धरून ठेवलं.

त्यांच्या खिशातला पास मामांनी तेराव्यानंतर स्वतः चालत जाऊन गेटावर परत केला. कंपनीची वस्तू, कंपनीला दिली पाहिजे. मामा तसे होते, दुसऱ्याची दोरीसुद्धा घरात राहू देत नसत. त्यावर फोटो होता हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. घरात एक होताच ना.

तो एक आत्यांनी मागितला. "कुठं ठिवलाय त्यो, दे. देवात ठिवू." मी दिला. न देऊन काय करणार होते? ज्यानं जन्म घेतला तिच्या पोटी, तो तिचाच होता आधी.

आमच्याकडं घरातलं कर्तं माणूस अकाली गेलं की त्याचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीचा छोटा पत्रा, त्यावर उमटवलेली मूर्ती. तो देव्हाऱ्यात इतर देवांच्या शेजारी बसतो. सणाला सगळ्या टाकांना चिंचेनं घासायचं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं. मेलेला माणूस असा घरातच राहतो, देवांबरोबर अंघोळ करतो, देवांबरोबर जेवतो. पण टाक वर्ष सरल्याशिवाय करत नाहीत. तोवर आत्यांनी टाकाच्या जागी फोटो ठेवला. रोज त्याच्यापुढं दिवा लावायच्या. मी लांबून बघायची. पोटातलं लेकरू फिरायचं, मी मनात म्हणायची, थांब, बाहेर ये, तुला दाखवते.

मला तेव्हा बाकी कशाचीच आशा नव्हती. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं, माहेरचे न्यायला तयार नाहीत, पुढचं सगळं आयुष्य त्या ओसरीवर. एकच गोष्ट हातात होती. लेकराला बाप दाखवता येणार होता. आमच्या आळीत अशा बाप न बघितलेल्या पोरांना बापाचं नुसतं नाव सांगायचे. माझ्या लेकराला चेहरा मिळणार होता.

वैशाखात आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. माणूस गेल्यावरची पहिली आखिती मोठी असते. पितरांना घागर भरतात, गोडाचं करतात. आत्या पहाटेच न्हाल्या, पाणी तापवलं, देव्हाऱ्यातले टाक ताम्हनात काढले. मी आत पुरणपोळीची कणीक मळत होते. मला सातवा होता, वाकवत नव्हतं. बाहेरून आत्यांचा आवाज येत होता. त्या लहान मुलाला घालतात तशी अंघोळ घालत होत्या, बोलत बोलत. "ये रं माझ्या राजा. ऊन पानी हाय. डोळं मीट."

मला वाटलं, त्या टाकांशी बोलताहेत.

थोड्या वेळानं आवाज थांबला. नंतर त्यांनी मला हाक मारली. ती हाक कशी होती ते मला लिहिता येत नाही. मी पिठाच्या हातानं बाहेर आले. ताम्हनात दुधाचं गढूळ पाणी, त्यात टाक, आणि आत्यांच्या तळहातावर एक पांढरट कागद. कागदाच्या कडेला कोटाचा थोडा काळा भाग राहिला होता. वर काही नव्हतं. बुळबुळीत साय निघावी तसा चेहरा निघून पंच्याच्या टोकाला लागला होता, राखाडी डाग.

"म्यां हळूच पुसलं गं," त्या म्हणाल्या. "त्यो पान्यातनंच आल्ता न्हवं? तू बगितलंस की. पान्यातनंच आल्ता."

व्हय. मी बघितलं होतं. बादलीतल्या गार पाण्यातून आला होता, म्हणून ताम्हनातल्या ऊन पाण्याला त्या भ्याल्या नाहीत. दुसरं कोण घाबरलं असतं? मलाही आधी विचारलं असतं तर मीही म्हणाले असते, घाला अंघोळ. पण ते मला आज कळतं. त्या वेळी मी पिठाचे हात तसेच भिंतीवर आपटले आणि किंचाळले, "तुम्ही मारलंत त्यांना." सुनेनं सासूला असं बोलायचं नसतं. आत्यांनी ऐकून घेतलं. मामा दारात उभे होते, त्यांनीही ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामा तो कागद फडक्यात बांधून बाहेर पडले. आधी गेटावर गेले. वॉचमननं आत नेलं, तिथल्या कारकुनानं बसवलं, चहा पाजला. माणूस भला होता. त्यानं सांगितलं, परत आलेले पास लगेच फाडून जाळतात, कुणी दुसऱ्यानं वापरू नयेत म्हणून. मग मामा चिंचवडला गेले, बाभळीखाली. फोटोवाल्यानं कागद उजेडात धरला, वास घेतला, अंगठ्यानं चाचपला. "गरम पाणी लागलं का, बाबा?" मामा म्हणाले, व्हय. "ह्याचा उलटा घरी असेल ना? माईंनी नेला होता. तो आणा, आत्ता करून देतो." मामा फडक्याची घडी घालत राहिले. चुलीची गोष्ट परक्या माणसाला सांगायला त्यांची जीभ वळली नसेल.

मग त्या माणसानं, आपल्या परीनं चांगलंच करायचं म्हणून, विचारलं की घरात त्याच्या तोंडावळ्याचा कोणी भाऊ आहे का. त्याला त्याच कोटात बसवू, जरा लांबून काढू, जरा धूसर, लेकराला कळणार नाही. भाऊ नव्हता. तेव्हा त्यानं मामांकडं निरखून बघितलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्हीच बसा. नाक तेच आहे." त्यानं कोट पुढं केला. मामा नंतर आम्हांला म्हणाले, कोटाला हात लावल्याबरोबर मला कळलं, ह्यातच त्याचे हात गेले होते. ते उठले आणि निघून आले. घरी येऊन हे सगळं त्यांनी चुलीकडं बघत, सावकाश सांगितलं. आत्या ऐकत होत्या. शेवटी मामा म्हणाले, "न्हाई म्हनं," आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

आषाढात मला मुलगी झाली. सगळ्या आयाबाया जमल्या आणि तिच्या पाळण्यावर वाकून म्हणाल्या, बापावर गेलीय हो. मी तिच्याकडं बघत राहिले. बापावर म्हणजे कशावर? मला ते पडताळून बघायला काही उरलं नव्हतं.

वर्ष सरल्यावर सोनाराकडून टाक आला. घोड्यावर बसलेला वीर, हातात तलवार, मोठ्या मिशा. सोनाराकडं एकच ठसा असतो. आळीतल्या प्रत्येक घरात तोच वीर, त्याच मिशा, तोच घोडा. लेक चार वर्षांची झाली तेव्हा आजीनं तिला देव्हाऱ्याजवळ नेऊन सांगितलं, ह्ये तुझं बाबा. ती धावत माझ्याकडं आली. "आई, बाबांकडं घोडा होता?" मी म्हणाले, सायकल होती. ती पुन्हा देव्हाऱ्याकडं गेली आणि सायकल शोधायला लागली.

आत्यांशी मी कामापुरतं बोलायची. वाढू का, दळण आणते, म्हशीला वैरण घातली. वर्षानुवर्षं. त्यांनी कधी मला टोकलं नाही, नावं ठेवली नाहीत. उलट पुढं मी शिकायचं म्हटलं तेव्हा भावकीचा विरोध त्यांनीच मोडून काढला. त्यांच्यामुळं मी पुण्याला राहून शिकले, शाळेत मास्तरीण झाले, चार अक्षरं लिहायला लागले. तरी माझा राग गेला नाही. राग कसला, तो एक दगडच होता, छातीवर ठेवलेला. त्या जेवायला बसल्या की त्यांचे हात मला दिसायचे आणि मला वाटायचं, ह्याच बोटांनी.

आणि एकीकडं माझ्याच डोक्यातला चेहरा विरत चालला होता. हे सांगायला मला कुणी नव्हतं. सुरुवातीला डोळे मिटले की फोटो दिसायचा. मग भुवई दिसायची पण डोळा नाही. मग कान. मग मला नुसतं ठाऊक राहिलं की डाव्या भुवईत खूण होती, कान बाहेर आलेले होते, ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. शब्द राहिले. एखाद्या चोराचं वर्णन चावडीवर वाचून दाखवावं तसे. वर्गात पोरांना शिकवताना मी मध्येच थांबायची आणि तो चेहरा जुळवायला बघायची. नाही जुळला की दिवसभर जीव घाबरा व्हायचा. दुसऱ्यांदा मरताना दिसत होता तो माणूस, आणि ह्या खेपेला दोष माझ्याच डोक्याचा होता.

लेक विचारायची. शाळेत सगळ्यांना विचारतात ना, तशी विचारायची, बाबा कसे होते. मी तुसडेपणानं म्हणायची, "आजीला विचार. तिनं जन्माला घातलंय." ती आजीकडं जायची. आजी तिला मांडीवर घेऊन भरभरून सांगायची. कपाळ असं, चालणं असं, हसला की असा दिसायचा, तुझ्यावानीच. मी आतून ऐकायची. माझा जळफळाट व्हायचा, आणि त्याच वेळी बरंही वाटायचं. माझ्याकडून गेला असेल, पण ह्या घरात एका डोक्यात तो अजून पुरता शाबूत आहे. आईच्या डोक्यातून कसा जाईल? तेवढ्या एका आधारावर मी झोपायची.

आत्या थकल्या तेव्हा मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजूबाजूला शेतं जाऊन चाळी उठल्या होत्या, कंपन्यांच्या भोंग्यांनी सकाळ व्हायची. लेक सासरी नांदत होती. घरात आम्ही दोघीच. आत्यांना दिसणं कमी झालं होतं, ओसरीवर उन्हाला पडून असायच्या. मी शाळेतून आले की त्यांना उठवून बसवायची, डोक्याला तेल लावायची. एका दुपारी तेल लावताना त्या म्हणाल्या, "एक इचारू का? रागावनार न्हाईस?"

"विचारा."

"तू त्यो कागुद लई दिस जवळ ठिवला व्हतास. उजेडात घिऊन बसायचीस. म्यां बगितलंय दोनदा, बोलले न्हाई. कसा दिसायचा गं त्यो?"

माझा हात त्यांच्या केसांत तसाच राहिला. "आत्या, असं काय विचारता? तुम्हांला आठवतो की. पोरीला एवढं सांगायचात."

"कायबी सांगायची गं. पोरीला काय तरी पायजे म्हनून. कवाचा गेला माझ्यातनं. आखितीच्या दिशीच गेला म्हन. डोळं मिटलं की त्यो पांढरा कागुदच दिसतो बग. मला वाटायचं, तुझ्यापाशी हाय. तू बोलत न्हाईस, पन तुझ्यापाशी हाय. म्हनून निवांत व्हते."

मी त्यांच्या पाठीमागं बसले होते ते बरं झालं. मी सांगायला लागले. भुवईतली खूण सांगितली, कान सांगितले, ओठाच्या कोपऱ्यातलं हसू सांगितलं. तेवढं संपल्यावर थांबवेना, म्हणून पुढं सांगत गेले. डोळे मोठे होते म्हणाले. हनुवटी जरा पुढं होती म्हणाले. मला ठाऊक नव्हतं, होती की नव्हती. आत्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि प्रत्येक शब्दाला त्या मान हलवत होत्या. "व्हय," म्हणत होत्या. "व्हय, असाच. असाच व्हता." मी काहीही सांगितलं असतं तरी त्या व्हयच म्हणाल्या असत्या.